पणजीचं गोंदण कुठं गेलं? घरचे जुने फोटो आणि व्हिडिओ डिजिटल करताना

गेल्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कराडपासून जवळ. माळा आवरताना एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत तीन अल्बम, एका पाकिटात निगेटिव्ह, आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, काकाच्या हँडीकॅमच्या तीन मिनीडीव्ही कॅसेट आणि बरेच सुटे फोटो. त्या सुट्या फोटोंमध्ये पोस्टकार्डाएवढा एक कृष्णधवल फोटो होता. स्टुडिओत काढलेला, सात माणसांचा. मधोमध नऊवारीतली एक बाई. आजीची आई, म्हणजे माझी पणजी. तिचा हा एकुलता एक फोटो.

चुलतभावाने लगेच मोबाइलवर फोटोचा फोटो काढला, जुने फोटो ‘सुधारून’ देणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला आणि घरच्या ग्रुपवर पाठवला. चेहरा लख्ख, डोळे पाणीदार, कातडी तुळतुळीत. सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. संध्याकाळी मी तो आजीला दाखवला. आजी ८४ वर्षांची आहे, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर चांगली आहे. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाली, “ही कोण बाई?”

“अगं, तुझी आई.”

“आमच्या आईला गोंदण हुतं. कपाळाला एक, हनुवटीला तीन. हिचं गोंदण कुठं गेलं?”

मूळ फोटो भिंगाखाली धरला. चार ठिपके होते. ॲपने ते धूळ समजून पुसले होते.

आता हे मी तुम्हाला का सांगतेय? मी पीएचडी करते ती धातूंच्या सूक्ष्मरचनेवर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून आलेली राखाडी चित्रं बघायची आणि त्यातले बारीक कण मोजायचे, हे माझं रोजचं काम. पहिल्या वर्षी मी अगदी हीच चूक केली होती. चित्रं स्वच्छ दिसावीत म्हणून फिल्टर लावला आणि जे कण मोजायचे होते त्यातलेच बरेचसे पुसले गेले. गाईडनी आकडे पाहिले आणि एवढंच विचारलं, “मूळ फाइल कुठे आहेत?” नशिबाने होत्या.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ‘डेटा हाताळणं’ हा शब्द खूपदा ऐकाल. तो शिकायला प्रयोगशाळाच लागते असं नाही, घरातली एक ट्रंक पुरते. त्यात नमुना घेणं आहे, मोजमाप आहे, नोंदी आहेत, आणि वेळ हातातून निसटतेय हे दडपणही आहे. या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे: कचरा कोणता आणि माहिती कोणती, हे मोजमाप घेताना ठरवायचं नाही. ते नंतर ठरवायचं, आणि मूळ जपून ठेवून ठरवायचं.

स्कॅन करणं म्हणजे मोजमाप करणं

आपल्याला वाटतं स्कॅनर फोटोची नक्कल करतो. तसं नसतं. फोटो सलग असतो. स्कॅनर त्यावर चौकटींची जाळी टाकतो, प्रत्येक चौकटीत किती उजेड परत आला ते मोजतो आणि एक आकडा लिहून ठेवतो. जाळी किती बारीक, ते डीपीआय सांगतं: एका इंचात किती चौकटी. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणजे ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये सुमारे १२ चौकटी, ६०० ला २४ आणि १२०० ला ४७.

पणजीचंच उदाहरण घेऊ. त्या फोटोत तिचा चेहरा उभा साधारण १२ मिलिमीटर आहे आणि गोंदणाचा एक ठिपका ०.३ मिलिमीटरच्या आसपास. ३०० डीपीआयला हा ठिपका तीन-चार पिक्सेलचा होतो, ६०० ला सातचा, १२०० ला चौदाचा. मोबाइलने काढलेल्या फोटोत आजूबाजूचं टेबल आणि भावाची बोटंही होती. त्यात मेसेजमधून पाठवताना फाइल लहान होते. शेवटी गोंदणाच्या वाट्याला एक-दोन पिक्सेल उरले असतील. आता धूळही एक-दोन पिक्सेलचीच असते. मग सॉफ्टवेअरने दोघींमध्ये फरक करायचा तरी कसा? चूक सुधारण्याच्या पायरीवर झाली असं दिसतं, पण तिची सुरुवात मोजण्याच्या पायरीवरच झाली होती.

इथे तुम्हाला नायक्विस्ट आणि शॅनन ही नावं आठवायला हवीत. नायक्विस्टचं काम १९२८ चं, शॅननचा प्रसिद्ध लेख १९४९ चा. मुद्दा सोपा आहे. एखादी नक्षी जितक्या वेळा वर-खाली होते त्याच्या दुपटीहून जास्त वेळा तुम्ही मोजलं, तरच ती नीट पकडली जाते. ६०० डीपीआयला मिलिमीटरमागे फार तर १२ काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्या पकडता येतात. त्याहून बारीक असेल ते नुसतं हरवत नाही, त्यातून खोटी नक्षी तयार होते. खात्री करायची असेल तर वर्तमानपत्रातल्या छापील फोटोचं कात्रण कमी डीपीआयवर स्कॅन करा. कागदावर नसलेल्या लाटा पडद्यावर दिसतील. याला मुआरे म्हणतात. प्रयोगात असं दिसलं की नवीन संशोधक आधी आनंदाने उडी मारतो. तुम्ही मारू नका, आधी जाळी तपासा.

म्हणजे मग सगळं ४८०० डीपीआयला स्कॅन करायचं का? नाही. कागदी फोटोत तेवढा तपशील मुळात नसतोच, मोठ्या आकड्याने फक्त कागदाचा पोत आणि फाइलचं वजन वाढतं. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६.४ लाख पिक्सेल. प्रत्येकी तीन बाइट धरले तर सुमारे २६ एमबी. डीपीआय दुप्पट केलं की हे चौपट होतं. मी ठरवलेला नियम असा: साधे फोटो ६०० ला, गर्दीचे आणि बारीक चेहऱ्यांचे १२०० ला. निगेटिव्ह मात्र ३००० च्या आसपास, कारण तिची चौकट असते जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटर, आणि फोटोपेक्षा जास्त तपशील निगेटिव्हमध्येच असतो. फोटो ही तिची प्रत आहे. म्हणून निगेटिव्हचं पाकीट सापडलं तर ते ‘आता काय उपयोग’ म्हणून टाकू नका.

जाळीइतकंच महत्त्व पायऱ्यांना आहे. आठ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, सोळा बिटांत ६५,५३६. विटलेल्या फोटोत सगळे रंग मधल्या पट्ट्यात गोळा झालेले असतात. समजा ते ८० ते १६० या पायऱ्यांतच आहेत. नंतर तुम्ही ते ताणून पूर्ण पट्ट्यावर पसरवले तर ८० च पायऱ्या हातात असतात आणि आभाळात पट्टे उमटतात. सोळा बिटांत त्याच भागात सुमारे वीस हजार पायऱ्या मिळतात. म्हणून विटलेला फोटो सोळा बिटांत स्कॅन करायचा.

आणि स्कॅनरमधलं ‘आपोआप सुधारा’ हे बटण बंद ठेवायचं. प्रत्येक अल्बमच्या पहिल्या स्कॅनमध्ये मी फोटोशेजारी एक प्लास्टिकची पट्टी आणि राखाडी कार्ड ठेवलं. मायक्रोस्कोपच्या चित्रात खाली मोजपट्टी असते ना, तसंच. पुढे कुणाला आकार आणि रंग पडताळायचे असतील तर आधार हवा.

आधी कोणता फोटो?

सगळ्यात जुना फोटो आधी, असं आपण समजतो. रसायनशास्त्र वेगळं सांगतं. १९५७ चा पणजीचा फोटो बऱ्यापैकी शाबूत आहे आणि १९८५ मधल्या आत्याच्या मुलाच्या बारशाचे रंगीत फोटो लाल पडलेत.

कारण असं. कृष्णधवल फोटोतलं चित्र जिलेटिनच्या थरात अडकलेल्या चांदीच्या कणांचं असतं. नीट धुतलेला असेल तर तो खूप टिकतो. कडेला निळसर, आरशासारखी झाक दिसली तर समजा की चांदीचं ऑक्सिडीकरण होऊन ती पृष्ठभागावर आली आणि तिथे पुन्हा धातू झाली. रंगीत फोटोत मात्र धुताना चांदी काढून टाकतात आणि उरतात ते सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन सेंद्रिय रंग. त्या काळातल्या कागदांमधला सायन रंग अंधारातही विरत जायचा. सायन गेला की उरलेल्या दोघांनी चेहरे तांबडे दिसतात. म्हणजे आपण ‘उजेड लागू नये’ म्हणून कपाटात जपून ठेवलेले फोटोही आतल्या आत बदलत होते. त्यामुळे क्रम वयावर नाही, बिघडण्याच्या वेगावर ठरवा: आधी टेप, मग रंगीत फोटो, मग कृष्णधवल.

हाताळताना दोन गोष्टी. ओल्या फडक्याने फोटो पुसू नका, जिलेटिन फुगतं. मऊ ब्रश किंवा रबरी फुंकणी पुरते. आणि चिकट पानांवर प्लास्टिक असलेले जे अल्बम घरोघरी आहेत, त्यांतून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

बटणांमागचं भौतिकशास्त्र माहीत असलेलं बरं, याचं एक उदाहरण. काही फिल्म स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी धूळ शोधतात. रंगीत निगेटिव्हमधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ नसते, त्यामुळे धूळ तेवढी वेगळी दिसते. पण कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी इन्फ्रारेडला अडवते. तिथे हे बटण दाबलं की यंत्र चित्रालाच धूळ समजतं. पुन्हा तीच गोष्ट: कचरा कशाला म्हणायचं हे त्या त्या पदार्थावर अवलंबून असतं.

चाळीस सेकंद

आता व्हीएचएस. आई-बाबांचं लग्न १९९३ चं. तेव्हाच्या लग्नाच्या कॅसेट तुम्ही पाहिल्या असतील. दुकानदार शूटिंग करायचा, मग त्यावर सनई आणि सिनेमातली गाणी चढवायचा. मूळ आवाज जायचा. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायची, कारण कॅसेटला पैसे पडायचे.

त्याला नावं ठेवायचं कारण नाही. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तिथून आलेलं चित्र टीव्हीच्या पद्धतीत बदलून जगाला दाखवलं गेलं. त्याहून चांगल्या दर्जाचं मूळ चित्र नासाच्या डेटा टेपांवर होतं. पुढे शोधाशोध झाली आणि २००९ मध्ये निष्कर्ष निघाला की त्या टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. नासाचं असं होतं, तर आमच्या दुकानदाराचं काय घेऊन बसलात?

२००९ मध्ये बाबांनी ती कॅसेट एका दुकानातून डीव्हीडीवर करून आणली होती. डीव्हीडी आली म्हणून कॅसेट टाकून द्यायची, असं दोनदा ठरलं. आईने ती ट्रंकेत टाकली म्हणून राहिली.

या वेळी मी मूळ कॅसेटच पुन्हा डिजिटल करायची ठरवली. आधी ती उजेडात धरून पाहिली. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप फाटू शकते, आणि बुरशी यंत्राला लागून पुढच्या कॅसेटलाही जाते. पुण्यात हे काम करणाऱ्या एका माणसाकडून ती साफ करून घेतली.

टेप म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी, तिच्यावर चुंबकीय आयर्न ऑक्साइडचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा गोंदासारखा थर. हवेतल्या ओलाव्याने हा थर हळूहळू तुटतो. पावसाळी भागातल्या कॅसेट लवकर जातात त्या यामुळे. वाचायची यंत्रणाही नाजूक असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत टेप सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, पण वाचणारं डोकं बसवलेला ड्रम सेकंदाला २५ फेरे मारतो आणि टेपवर तिरक्या रेघा वाचत जातो. जुनी टेप ताणलेली असते, रेघा मागे-पुढे होतात आणि चित्राचा वरचा भाग वाकतो. तो सरळ करायला टाइम बेस करेक्टर नावाचं उपकरण मध्ये लावतात.

त्यात आणखी एक गुंता. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी एकाआड एक रेघा, मग २० मिलिसेकंदांनी उरलेल्या. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात ते त्यामुळे. हे दात ‘घालवून’ फाइल साठवली की निम्म्या क्षणांची माहिती कायमची जाऊ शकते. म्हणून मूळ फाइल दातांसकट ठेवायची आणि बघायची प्रत वेगळी करायची. ७२० गुणिले ५७६ पिक्सेलचा असा व्हिडिओ काहीही न दाबता साठवला तर तासाला सुमारे ७५ जीबी होतात. एफएफव्ही१ या पद्धतीने एकही आकडा न गमावता ते निम्म्याच्या आसपास येतात. ही पद्धत मोफत आणि खुली आहे, आणि अभिलेखागारंही ती वापरतात.

मिनीडीव्ही कॅसेटचं मात्र वेगळं असतं. तिच्यावर आकडेच लिहिलेले असतात. ती फायरवायरने जशीच्या तशी उतरवून घ्यायची, तासाला साधारण १३ जीबी. तिथे तुम्ही मोजत नाही, नुसतं उतरवून घेता. हा फरक लक्षात ठेवा. मिनीडीव्ही ॲनालॉग तारेने उतरवणं म्हणजे छापील आकडे असलेल्या तक्त्याचा फोटो काढून त्यावरून पुन्हा आकडे ओळखणं.

तर ती कॅसेट पूर्ण चालवली. सोळा वर्षं आम्ही जी डीव्हीडी पाहत होतो ती शेवटच्या गाण्याबरोबर संपायची. कॅसेट संपली नाही. गाणं थांबलं आणि पंगतीचं चित्र पुढे चालू राहिलं. गाणं कमी पडलं होतं, म्हणून तिथे कॅमेऱ्याचा मूळ आवाज राहून गेला होता. चाळीस सेकंद. भांड्यांचा आवाज, गलका, आणि मग चित्रात नसलेला एक माणूस म्हणतो, “अरे, त्या पोरांना आधी वाढा. लांबून आल्यात.”

मला ओळखता आला नाही. बाबा उठून उभे राहिले. ते माझे आजोबा होते. ते १९९६ मध्ये गेले, माझ्या जन्माच्या आधी. त्यांचा आवाज कुठेच नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. डीव्हीडी करणाऱ्याने ‘गाणं संपलं, पुढे काही नाही’ म्हणून तेवढा भाग छाटला होता. त्याच्या दृष्टीने तो कचराच होता.

आजीने ते चाळीस सेकंद तीनदा लावायला सांगितले. मग म्हणाली, “बास. बंद कर आता.”

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरातल्या चुंबकीय टेपांसाठी धोक्याचा इशारा देणारा प्रकल्प सुरू केला. टेप बिघडतेय आणि ती वाचणारी यंत्रंही संपतायत. घरी कॅसेट असेल तर ‘दहावी-बारावी झाल्यावर बघू’ असं करू नका.

कच्चं वेगळं, शिजवलेलं वेगळं

आमच्याकडे आता तीन फोल्डर आहेत. पहिल्यात कच्च्या फाइल: फोटो टिफमध्ये, व्हिडिओ मूळ स्वरूपात. त्या उघडायच्या नाहीत असं नाही, पण त्यांच्यावर काही लिहायचं नाही. दुसऱ्यात सुधारलेल्या प्रती, आणि प्रत्येकीसोबत काय काय केलं त्याची एका ओळीची नोंद. तिसऱ्यात पाठवायला सोप्या, लहान जेपेग.

जेपेग वाईट नाही. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि डोळ्याला सहसा न दिसणारा बारीक तपशील टाकून देतं. पाठवायला हे उत्तम. पण प्रत्येक वेळी बदल करून पुन्हा साठवलं की पुन्हा थोडं जातं. म्हणून पाठवायचं ते जेपेग, ठेवायचं ते टिफ.

ॲपवाल्या फोटोचं काय केलं? ठेवलाय, दुसऱ्या फोल्डरमध्ये. खाली लिहिलंय: ‘चेहरा संगणकाने बनवलेला आहे.’ अशी ॲप हजारो इतर चेहऱ्यांवरून शिकलेली असतात. जिथे माहिती कमी असते तिथे ती ‘असा असावा’ असा चेहरा भरतात. तो सुंदर असतो, पण ते मोजमाप नाही, अंदाज आहे. तुमच्या प्रबंधात आलेखाची रेघ गुळगुळीत करताना हाच प्रश्न पडेल. गुळगुळीत करायला हरकत नाही. पण मूळ बिंदू शेजारी दाखवा, आणि काय केलं ते लिहा.

माझी चूक: क्रम

आता माझ्याकडून झालेलं. पहिला अल्बम स्कॅन करताना मी हुशारी केली. सगळे फोटो काढले, आकाराप्रमाणे लावले आणि एकेका वेळी चार-चार स्कॅन केले. वेळ वाचला. मग आजीला एक फोटो दाखवला, नदीकाठी उभी असलेली चार माणसं. ती विचारात पडली आणि म्हणाली, “ह्याच्या आधीचा फोटू कुठला हुता?”

मला सांगता आलं नाही. आधीचा फोटो आठवला असता तर प्रसंग आठवला असता, आणि प्रसंगावरून माणसं. अल्बम लावताना कुणीतरी जो क्रम दिला होता तीही माहितीच होती, आणि ती मी माझ्या सोयीसाठी पुसली. अभिलेखागारात काम करणारे मूळ क्रम मोडत नाहीत, तो यासाठीच. उरलेल्या दोन अल्बमच्या प्रत्येक पानाचा आधी जसाच्या तसा फोटो घेतला, मग एकेक फोटो काढला. त्या नदीकाठच्या चौघांपैकी दोघांची नावं अजून नाहीत.

यातून झालेले नियम सांगते. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली तारीख, प्रयोगशाळेचा छाप, सगळं तिथे असतं. आजी किंवा आजोबांना फोटो दाखवताना शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना विचारून. आणि त्या रेकॉर्डिंगला फोटोंचेच क्रमांक द्या. सगळी माहिती मराठीत, देवनागरीत, फाइलच्या वर्णनाच्या रकान्यात लिहा, आणि तीच एका साध्या तक्त्यातही ठेवा. फाइलवर स्कॅन केल्याची तारीख आपोआप पडते, तिला फोटोची तारीख समजू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोण सांगतंय ते लिहा. एका फोटोबद्दल आजी म्हणते जत्रेतला, आत्या म्हणते लग्नातला. मी दोन्ही लिहिलंय, नावासकट. निर्णय दिला नाही. पुढे पुरावा मिळाला तर कुणीतरी देईल. तुम्हीही वाचलेल्या दोन शोधनिबंधांत फरक दिसला तर एकाला गपचूप वगळू नका.

ठेवायचं कुठे?

छायाचित्रकारांमध्ये एक नियम चालतो: ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आमचे सगळे फोटो सोळा बिटांत सुमारे २० जीबी झाले, व्हिडिओ धरून एकूण दीडशे जीबीच्या आत. एक हार्ड डिस्क गावी, एक पुण्यात माझ्याकडे, एक प्रत क्लाउडवर.

पण प्रत केली म्हणजे ती बरोबर आहे असं नाही. प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम काढून ठेवा. हा फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून निघणारा एक ठसा असतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. वर्षातून एकदा, आम्ही दिवाळीत ठरवलंय, ठसे जुळवून बघायचे. तुमच्या प्रयोगाच्या डेटाला हीच सवय आजपासून लावा, म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उघडत नाही म्हणून रडावं लागणार नाही.

आणि डिजिटल झालं म्हणून मूळ टाकू नका. निगेटिव्ह कागदी पाकिटात, फोटो साध्या आम्लविरहित कागदात, कॅसेट उभ्या आणि कोरड्या जागी. उद्या याहून चांगला स्कॅनर येईल. आणि आज आपण जे छाटतोय त्यात काय होतं, ते कदाचित तेव्हा कळेल.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा सगळी ट्रंक काढू नका, दमाल. एकच फोटो घ्या. पुढची बाजू स्कॅन करा, मागची करा, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा आणि विचारा. पणजीच्या फाइलच्या रकान्यात आजीने सांगितलेलं मी असं लिहिलंय:

‘कराड, आजीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, म्हणजे अंदाजे १९५७. मधोमध आजीची आई. कपाळावर एक आणि हनुवटीवर तीन ठिपके आहेत, ते गोंदण आहे, धूळ नाही. पुसू नये. माहिती: आजी.’